तिनं एकदाच विचारलं

गोरेटी फीनीचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी 'पकडलं!' म्हणायला नको. हा काही आजचा रोग नाही. शाळेत मेरीमातेच्या मिरवणुकीत तिला सर्वांत पुढे उभं करायचे आणि मला मेणबत्त्यांची टोपली धरायला द्यायचे, तेव्हापासूनचा आहे. मध्ये ती बावीस वर्षं बॉस्टनला होती, तेवढी वर्षं माझी सुखाची गेली. मग नवरा वारल्यावर ती परत आली, आईबापांचं जुनं घर तिनं पिवळ्याधमक रंगानं रंगवून घेतलं, आणि कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात तशी वर्षाच्या आत अशी काही बस्तान बसवून बसली की किलव्हार्ना गावाचं पान तिच्यावाचून हलेना.

बॉस्टनहून तिनं एक खोड आणली होती. कुणी काही पुढे केलं की ती पहिल्या झटक्यात घ्यायची. "केक घेणार, गोरेटी?" "घेते की!" आणि हात ताटलीत. आमच्याकडे असं कुणी करत नाही. केक पुढे आला की म्हणायचं, "नको गं, आत्ताच जेवले." मग घरची बाई म्हणणार, "अगं, एवढासा तुकडा." मग आपण, "छे छे, उगाच तुला त्रास." मग ती, "मी काही ऐकायची नाही." आणि मग आपण, "बरं बाई, तू म्हणतेसच तर." पहिल्या 'नको'ला काडीचा अर्थ नसतो. माझ्या आईनं तर लग्नाची मागणीसुद्धा दोनदा नाकारली होती. वडील तिसऱ्यांदा आले नसते तर ही गोष्ट सांगायला मी नसते.

मलाही एक मागणी आली होती. तो काही दुसऱ्यांदा आला नाही. त्यामुळे मला मूलबाळ नाही. अठ्ठावीस वर्षं टपाल वाटलं, आधी पायी आणि सायकलवर, शेवटची काही वर्षं गाडीतून. निवृत्त झाले, चार कोंबड्या पाळल्या, आणि मग साइव्ह आली.

साइव्ह ही माझ्या शेजारणीची, ग्रोन्याची, मुलगी. ग्रोन्याला मी रांगताना पाहिलेलं. ग्रोन्या औषधांच्या दुकानात सहा वाजेपर्यंत कामाला, तिचा नवरा डॉनल लॉरी घेऊन देशभर. तेव्हा चार वर्षांची झाल्यापासून साइव्ह शाळा सुटली की थेट माझ्या स्वयंपाकघरात. टोस्ट तिरका कापलेला लागायचा, चौकोनी दिला तर तोंड फिरवायची. मला 'डिम' म्हणायची, कारण डिंपना तिच्या तोंडात मावत नसे. कुठल्या घराचं कुत्रं पोस्टमनला चावतं, कुठल्या म्हातारीला दर नाताळात ऑस्ट्रेलियाहून रिकामं पाकीट येतं, असल्या माझ्या गोष्टी तिला पाठ होत्या. दिवसातले तीन तास ती माझी होती. बाकीचे तास कुणाचे का असेनात, माझी तक्रार नव्हती.

साइव्ह सात वर्षांची झाली आणि जानेवारीत तिच्या रक्तात कॅन्सर निघाला. एका आठवड्यात ग्रोन्या नि डॉनल तिला घेऊन डब्लिनच्या हॉस्पिटलात गेले. गाडीत सामान कोंबता कोंबता ग्रोन्या म्हणाली, "कधीही ये गं डिंपना, तिला खूप बरं वाटेल." आता 'कधीही' म्हणजे आमच्या भाषेत कधीच नाही. वार सांगितला, वेळ सांगितली, की ते बोलावणं. मी वार कळायची वाट बघत बसले.

मार्चमध्ये ग्रोन्या दोन दिवस कपडे न्यायला आली आणि माझ्या दारात उभी राहिली. आत येईना. अंगावर कोट तसाच.

"डिंपना, लोक म्हणतायत की इथून डब्लिनपर्यंत कुणीतरी पैसे गोळा करत चालत जावं. साइव्हच्या नावानं. म्हणजे आम्हाला तिथं राहायला हातभार लागेल, आणि वॉर्डातल्या बाकीच्या आयांनाही. नऊ दिवस लागतील. मी म्हटलं, आधी तुला विचारावं."

माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. पासष्टीनंतरही मी चर्चच्या टेकडीवर न थांबता चढते. तिचं वाक्य संपायच्या आत मी मनातल्या मनात शॅनन नदी ओलांडली होती. पण तोंड? तोंड आईनं वळण लावलेलं.

"मी? वेड लागलं की काय तुला!" मी म्हणाले. "हे गुडघे बघ माझे. कुणीतरी चांगलं धडधाकट माणूस बघ."

आणि तिला दुसऱ्यांदा विचारायला सवड मिळावी म्हणून मी पाठ फिरवून किटली ठेवायला गेले.

"बरं," मागून आवाज आला. "ठीक आहे मग."

मी वळले तेव्हा ती फाटकापाशी पोचली होती. दोन महिने झोप नसलेली बाई ती. तिच्यात आग्रह करायचं त्राण उरलं नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसलं की ती तडक रस्ता ओलांडून पिवळ्या घरी गेली, तिथलं दार उघडलं, आणि किटलीची शिट्टी व्हायच्या आत गोरेटी फीनी तिला छातीशी धरून उभी होती. 'चालते की!' म्हणाली असणार. केक घेते तशी.

रविवारी फादर मॅकॅफर्टींनी चर्चमध्ये सांगितलं. "आपली गोरेटी छोट्या साइव्हसाठी डब्लिनपर्यंत चालत जाणार आहे!" लोकांनी चर्चमध्ये टाळ्या वाजवल्या. आमच्या चर्चमध्ये टाळ्या म्हणजे काय, ते आमच्या गावालाच ठाऊक. बिशप आले होते तेव्हाही कुणी वाजवल्या नव्हत्या. मग फादर म्हणाले, "आणि मागून गाडी घेऊन जायचं आणि सँडविचचं काम डिंपना गिलूलींकडे. त्यांना रस्ते तोंडपाठ आहेत." म्हणजे पुन्हा टोपली माझ्याच हातात.

बाहेर आल्यावर टपालातला माझा जुना सहकारी पीडर म्हणाला, "मला वाटलं होतं तूच जाशील."

"मी? हॅ! मला काय हौस आहे मिरवायची?"

"तेही खरंच," तो म्हणाला. पुरुषांना एवढंही कळत नाही, की अशा वेळी वाद घालायचा असतो.

त्यानंतरचे दोन महिने मी जळत होते, दुसरा शब्द नाही. पेपरात गोरेटीचा फोटो आला, हातात साइव्हचा फोटो घेऊन. साइव्हचा तो फोटो माझ्या स्वयंपाकघरात काढलेला होता. मागे माझी कपांची मांडणी दिसत होती आणि कडेला माझं कोपर होतं, ते त्यांनी कापून टाकलं होतं. दुकानात जावं तर फळ्यावर गोरेटी. पबमध्ये जावं तर दारावर गोरेटी. खाटीक तिला सॉसेजेस फुकट देत होता, ताकद यावी म्हणून. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आणि चालण्याचा सराव म्हणाल तर बाईसाहेब चर्चच्या टेकडीवर तीनदा थांबायच्या. मी पडद्याआडून मोजायची.

सगळ्यांत जास्त झोंबायचे ते मंगळवार. पासष्टी उलटल्यावर आम्हाला रेल्वेचा पास फुकट मिळतो. साइव्ह गेल्यापासून गोरेटी दर मंगळवारी सकाळच्या गाडीनं डब्लिनला जायची, साइव्हला भेटून रात्रीच्या गाडीनं परत. ग्रोन्यानं तिलाही 'कधीही ये' म्हटलं असणार, आणि ही लागलीच निघाली असणार पिशवी उचलून. बुधवारी फाटकाशी उभी राहून मला बातम्या द्यायची.

"काल थोडं सूप प्याली बघ. तुझी आठवण काढत होती. चल की पुढच्या मंगळवारी माझ्याबरोबर."

"नको गं. कोंबड्या कोण बघणार?"

"बरं," म्हणायची, आणि चालू लागायची.

चार कोंबड्या! पीडरच्या बायकोनं हसत बघितल्या असत्या. पण मी गोरेटीची शेपटी धरून माझ्या साइव्हला भेटायला जाऊ? आणि तिथं जाऊन दारात उभी राहून काय बघू, ती गोरेटीच्या मांडीवर बसलेली? एकटीनं जायचं तर तेही होईना. दोनदा स्टेशनपर्यंत गेले नि परत आले. मनात म्हणायची, पोरीला जर ती गोरेटीच चालत असेल तर चालू दे. सात वर्षांच्या आजारी मुलीवर रुसले होते मी. सदुसष्टाव्या वर्षी.

एप्रिलमध्ये एकदा गोरेटी माझ्या स्वयंपाकघरात आली. हातात खोकं. आत डोंगर चढायचे कोरे करकरीत बूट, गुलाबी नाड्यांचे.

"डिंपना, पायांचं तुझ्याइतकं गावात कुणाला कळत नाही. हे चालतील ना गं?"

मला बघताक्षणी कळलं की चालणार नाहीत. टाच कडक, पुढून अरुंद, आणि महिन्याभरात ते मऊ व्हायचे नाहीत. आत पातळ मोजा, वर जाड, शिवण बाहेरच्या बाजूला, रोज सकाळी बोटांमध्ये व्हॅसलीन. एवढं सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हणाले. "नाड्या छान आहेत."

यावेळी मी तिनं पुन्हा विचारायची वाट बघत नव्हते, हे इथंच कबूल करते. ती गेल्यावर मी कपाटातून माझे टपालातले जुने बूट काढले. तेल लावलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे, गाव उठायच्या आत, मागच्या वाटेनं मी चालायला लागले. आधी दोन तास, मग तीन. मनात मांडे खायचे तर पोटभर खावेत. गोरेटी तिसऱ्या दिवशी कोसळते, लोक हवालदिल होतात, ग्रोन्या फोनवर रडते, आणि कुणीतरी म्हणतं, 'डिंपना, आता तूच.' मी म्हणते, 'छे छे.' ते म्हणतात, 'तुझ्याशिवाय कोण आहे?' मी म्हणते, 'बरं, तुम्ही म्हणताच तर.' मग डब्लिन, हॉस्पिटलची खिडकी, आणि खिडकीत साइव्ह: 'डिम चालत आली! माझ्यासाठी डिम चालत आली!' हे मी रोज पहाटे बघायची. मला दुसरं काही नको होतं. तिला कळायला हवं होतं की तिच्यासाठी चालणारी मी आहे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. चर्चपाशी अख्खं गाव जमलं होतं, बॅगपाइप होता, फादरनी पवित्र पाणी शिंपडलं. त्यातलं थोडं माझ्या गाडीच्या काचेवर उडालं, तेवढाच माझा वाटा. मागच्या सीटवर अंड्याची नि हॅमची सँडविचेस, चहाचे दोन थर्मास, आणि सर्वांत खाली, टॉवेलात गुंडाळून, माझे बूट.

पहिले तीन दिवस डांबरी रस्ता. गाड्या भोंगे वाजवत जात होत्या, लोक फाटकाशी येऊन गोरेटीच्या हातातल्या डब्यात पैसे टाकत होते. ती सगळ्यांशी बोलायची, सगळ्यांचा चहा पहिल्या विचारण्यात घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती डावा पाय वाकडा टाकायला लागली. मी ते कोणाच्याही आधी पाहिलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

चौथ्या दिवसापासून कालव्याकाठची पायवाट लागली. तिथं गाडी जात नाही. मी पुढच्या पुलावर जाऊन थांबायची आणि ती लांबून येताना दिसायची. प्रत्येक पुलावर तिला यायला जास्त वेळ लागत होता. विचारलं तर म्हणायची, "मस्त चाललंय!" बॉस्टनला सगळंच मस्त चालतं वाटतं.

सहाव्या दिवशी, मलिंगर गावाच्या थोडं अलीकडे, एका दगडी पुलावर मी तासभर थांबले. आली तेव्हा ती काठीवर भार देऊन येत होती. पुलाच्या कट्ट्यावर बसली, बूट काढले. मोजा टाचेला चिकटलेला होता. तो सोलून काढला तेव्हा आत जे होतं ते बघून मी, जिनं अठ्ठावीस वर्षं फोडच बघितले, तिनंही मान वळवली.

"डिंपना," ती म्हणाली. आवाजात नेहमीचा पिवळा रंग नव्हता. "मला नाही वाटत मी पोचेन. तू चालशील का गं इथून पुढं?"

महिनाभर मी रोज पहाटे जे वाक्य ऐकत होते, ते हेच. कुणीही बघत नव्हतं. पाण्यावर दोन बदकं होती फक्त. आणि मी काय म्हणाले?

"छे छे. तुझं चालणं आहे ते. लोक तुझी वाट बघतायत."

"खरंय," गोरेटी म्हणाली, आणि तोच रक्ताळलेला मोजा पुन्हा पायात घालायला लागली.

माझ्या तोंडाला आग लागो! मी तिथं उभी राहून तिच्याकडे बघत राहिले. ती एकेक बोट मोज्यात सारत होती, ओठ दाबून. तिनं माझा शब्द जसाच्या तसा घेतला होता, ग्रोन्यानं घेतला तसा, आणि आता ती त्या पायांनी डब्लिनपर्यंत जाणार होती. मला राग कुणाचा यावा हेच कळेना. मी तो मोजा तिच्या हातातून हिसकावला.

"थांब. हात नको लावू." मी गाडीतून पाणी आणलं, टॉवेल सोडला, व्हॅसलीनची डबी काढली. तिचे पाय मांडीवर घेऊन धुतले, पट्ट्या बांधल्या, पातळ मोजा उलटा करून घातला, वर जाड. मग माझे बूट तिच्यापुढे ठेवले. आमच्या पायांचं माप एकच आहे, शाळेतही होतं.

तिनं बुटांकडे पाहिलं. ताज्या तेलाकडे पाहिलं. तळाला लागलेल्या आमच्या गावच्या लाल मातीकडेही पाहिलं असणार, कारण तिच्या भुवया वर गेल्या.

"मी तुला एप्रिलमध्ये विचारलं होतं," ती म्हणाली. "तू म्हणालीस तुला काही कळत नाही."

"खोटं बोलले."

"हं. वाटलंच होतं मला."

"मग पुन्हा विचारायचं होतंस!"

"का? तू नाही म्हणाली होतीस ना?" तिनं नाडी बांधली, उभी राहिली, दोन पावलं टाकून बघितली. "अगंबाई, हे तर लोण्यासारखे आहेत. सँडविच आहे का एखादं?"

मी दिलं. तिनं खाल्लं आणि गेली. माझे बूट कालव्याकाठानं डब्लिनकडे निघाले आणि मी गाडीत बसून रडले. पश्चात्तापानं रडले असं म्हणायला मला आवडेल. पण मला बुटांचाही हेवा वाटत होता.

नवव्या दिवशी दुपारी ती हॉस्पिटलच्या फाटकातून आत गेली. गावाहून दोन बस भरून लोक आले होते, हातात रंगीत कापडं, डॉनल लॉरीचा भोंगा वाजवत होता. फोटोवाले तिला घेरून उभे. मी रिकामा थर्मास काखेत धरून कडेला. ग्रोन्या बाहेर आली, गोरेटीच्या गळ्यात पडली, मग माझ्याकडे येऊन माझ्याही. "आलीस तू," एवढंच म्हणाली. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

वॉर्डात आई सोडून एका वेळी एकच माणूस. सगळे म्हणाले, गोरेटीच आधी. नर्सनं मास्क पुढे केला. गोरेटी खुर्चीत बसून बूट सोडत होती.

"मी नाही," ती म्हणाली. "असले पाय घेऊन मी आत जात नाही. डिंपना जाईल." आणि नर्सला, "ताई, जरा गरम पाणी मिळेल का?"

मास्क माझ्या हातात आला. हात तीनदा धुतले, खरं तर दारात जायला पाय धजेनात म्हणून. काय म्हणेल ती? ओळख तरी देईल का? चार महिने न आलेल्या माणसाला सात वर्षांची मुलगी काय म्हणते, याची मी दारात उभी राहून सगळी उत्तरं मनात घोळवली. 'गोरेटी कुठंय?' हे सर्वांत वर होतं.

साइव्ह उशांना टेकून बसली होती. एवढीशी झाली होती, डोळे तेवढे मोठे. डोक्यावर निळी लोकरीची टोपी, भुवयांपर्यंत आलेली. मला बघून तिनं आधी माझ्या छातीकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"डिम! खोकला गेला?"

मला काही कळेना. "खोकला?"

"तुझा छातीतला. गोरेटी म्हणाली फार वाईट आहे, आणि खोकल्याच्या माणसाला इथं आत सोडत नाहीत. म्हणून तू दर मंगळवारी तिच्याबरोबर हे सगळं पाठवतेस." तिनं कडेच्या कपाटाकडे हात केला. रंगीत पेन्सिली होत्या, कोड्यांचं पुस्तक होतं, बिस्किटांचा चौकोनी डबा, गावच्या पुलाचं चित्र असलेली पोस्टकार्डं. "ती म्हणते तू स्टेशनवर येऊन देतेस, लांबूनच, तोंडाला रुमाल बांधून. पोस्टमन असल्यासारखी. आणि ही पण." तिनं टोपी दोन्ही हातांनी खाली ओढली. "थोडी मोठी झालीय. पण आई म्हणते केस आले की बरोबर बसेल."

मला विणता येत नाही. शाळेत मी विणलेला मफलर नन बाईंनी सगळ्या वर्गाला 'असा विणू नये' म्हणून दाखवला होता.

मी खुर्ची ओढून बसले. खाली फाटकात माझ्या बुटांच्या नावानं टाळ्या वाजत असतील, ते मी विसरले होते. मला एवढंच दिसत होतं, की अठरा मंगळवार ती बाई गाडीत बसून टाके घालत होती आणि प्रत्येक टाक्यावर माझं नाव घालत होती. बुधवारी फाटकाशी उभी राहून म्हणायची, तुझी आठवण काढत होती. टोमणा नव्हता तो. माझी जागा ती धरून बसली होती, आणि मी यायची वाट बघत होती. आणि तिच्या जागी मी असते तर? पोरीनं विचारलं असतं, गोरेटी का येत नाही, तर मी काय सांगितलं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. मी खरं सांगितलं असतं. गोड आवाजात सांगितलं असतं.

"डिम, गेला ना खोकला?"

"गेला," मी म्हणाले. "पुरता गेला."

"मग आता रोज ये. आणि पुढची टोपी हिरवी विण. पण थोडी लहान."

"विणीन."

ती सरकली, पलंगावर मला जागा केली आणि माझा हात तिच्या पांघरुणावर नीट ठेवून घेतला. मग तिनं विचारलं, त्या रिकाम्या पाकिटांचं काय झालं, ऑस्ट्रेलियाचं. मी तिला सांगितलं, झोप लागेपर्यंत सांगितलं.

बाहेर आले तेव्हा गोरेटी पाय बादलीत सोडून बसली होती. एक नर्स तिच्या टाचेला मलम लावत होती आणि ती नर्सला तिचं अख्खं घराणं विचारत होती. मला बघून थांबली.

"ओळखलं ना तिनं?"

"टोपी किती टाक्यांची आहे?" मी विचारलं.

गोरेटी फीनी लाल झाली. कानापर्यंत. शाळेपासून आजवर मी तिला लाजताना पाहिलं नव्हतं. "ऐंशी," ती म्हणाली. "लहान हवी असेल तर बहात्तर."

"मला एकही येत नाही."

"शिकवीन."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. ती माझ्याकडे बघत नव्हती, बादलीतल्या पाण्याकडे बघत होती. तिचे पाय सुजून लाल झाले होते, आणि एवढं करून तिच्या चेहऱ्यावर मला उपकार केल्याची एक रेघ सापडली असती तरी मी वाचले असते. मी नीट शोधली. नव्हती. आयुष्यभर मी तिचा हेवा केला, मिरवणुकीचा केला, टाळ्यांचा केला, बुटांचा केला. पण त्या खुर्चीत बसून जसा केला, तसा कधीच केला नव्हता.